पासवर्ड नाकारला की लगेच एसएमबी१ चालू करायला सांगू नका

खटपट्या
परवा एकानं विचारलं होतं, लिनक्सवरचं शेअर केलेलं फोल्डर विंडोजवरून उघडत नाही, पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही. त्याला मिळालेलं उत्तर: "एसएमबी१ चालू करा, गेस्टला मोकळं सोडा, दोन मिनिटांत काम." (एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची पद्धत, एसएमबी१ ही तिची जुनी, असुरक्षित आवृत्ती; गेस्ट म्हणजे पासवर्डशिवाय येणारा.) वर भरपूर धन्यवाद. हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

पासवर्ड नाकारला जाणं वेगळं आणि दोन मशीनचं प्रोटोकॉलवर, म्हणजे एकमेकांशी बोलायच्या पद्धतीवर, न जमणं वेगळं. आधी एरर वाचा! विंडोजवर ८६ आला तर पासवर्ड चुकलाय. ५३ आला तर तुम्ही दारापर्यंत पोचलाच नाहीत, पासवर्डचा प्रश्नच येत नाही. १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरला तुम्ही आधीच दुसऱ्या नावानं जोडलेले आहात. लिनक्सवरून फोल्डर माउंट करताना, म्हणजे जोडताना, १३ आला तर परवानगी नाकारली. ११२ आला, 'होस्ट इज डाऊन' दिसलं आणि समोरचं मशीन तर ढळढळीत चालू आहे, तर प्रोटोकॉलच्या आवृत्तीचा संशय घ्या. एसएमबी१चा संबंध आलाच तर इथे.

त्या माणसाची अडचण बहुधा अगदी साधी होती. सांबा, म्हणजे लिनक्सवर हे शेअरिंग करणारा प्रोग्रॅम, स्वतःची पासवर्डची यादी वेगळी ठेवतो. लिनक्सवर युजर बनवला, त्याचा पासवर्ड बदलला, तरी सांबाला त्याचा पत्ता नसतो. तिथे युजर वेगळा घालावा लागतो. त्यासाठी २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्यातून घुसला तो दरवाजा उघडायचा? आणि दुरुस्ती मार्चमध्येच येऊन गेलेली असूनही तो घुसला होता!

जुनी_तार
असहमत. पुस्तकात सगळं बरोबर असतं. आमच्याकडे मोठा कॉपियर आहे, स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकतो. त्याला फक्त एसएमबी१ कळतं, त्याचं नवीन फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) यायचं कधीच बंद झालं. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीनंतर नवीन मशीन बसवलं आणि स्कॅन येणं थांबलं. दिवसभर लोक पेनड्राइव्ह घेऊन फिरत होते. एसएमबी१ चालू केलं, काम सुरू झालं. धोका मलाही कळतो, पण ज्याच्या टेबलावर कागद अडलेत त्याला तुमचा वॉनाक्राय सांगून काय उपयोग?

खटपट्या
तुमचा कॉपियर आणि त्या माणसाचा लॅपटॉप एकच आहे का? कॉपियरला दुसरा रस्ताच नसेल तर त्याच्यासाठी वेगळं छोटं मशीन ठेवा, त्यावर फक्त स्कॅनचं फोल्डर आणि फक्त स्कॅनचा युजर. एफटीपीवर (फायली पाठवायची दुसरी पद्धत) किंवा मेलवर स्कॅन जात असेल तर तेही बघा. सांबात किमान प्रोटोकॉल खाली आणला की तो एका शेअरपुरता राहत नाही, अख्ख्या सर्व्हरला लागू होतो. ४.११ पासून सांबानं एसएमबी१ मुळातच बंद ठेवलंय ते उगाच नाही.

रात्रपाळी
तुमचं प्रोटोकॉलचं चालू द्या, पण माझ्याकडे लॉगिनच्या ज्या तक्रारी येतात त्यातली मोठी भानगड पिनची आहे आणि तुम्ही दोघंही त्यावर गप्प. फोल्डर विंडोजवर, उघडायचं मॅकवरून. माणूस रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडतो, तोच पिन मॅकवर टाकतो. नाही म्हणतं. पुन्हा टाकतो. नाही म्हणतं. माझ्या बहिणीनं पूर्ण संध्याकाळ यात घालवली. तिथे हवा असतो विंडोजच्या ईमेल खात्याचा पासवर्ड; तो तिनं मशीन घेतलं तेव्हा एकदाच टाकला होता, आठवणार कसा?

कुलूपकिल्ली
पिन नेटवर्कवर चालू नये हीच तर त्याची रचना आहे. तो त्या एका मशीनशी बांधलेला असतो. कुणी चोरला तरी दुसरीकडून त्याचा उपयोग नाही. पासवर्डच नसलेलं लोकल (फक्त त्या मशीनवरचं) खातंही नेटवर्कवरून आत घेत नाहीत, तेही योग्यच आहे.

रात्रपाळी
रचना योग्य आहे, मान्य. पण स्क्रीनवर काय येतं? "नाव किंवा पासवर्ड चुकीचा." पिन इथे चालत नाही, असं का लिहीत नाहीत? माणूस स्वतःला वेडा समजायला लागतो. बहीण रडकुंडीला आली होती आणि तुम्ही मला रचना शिकवताय.

कुलूपकिल्ली
शिकवत नाहीये. समोरच्या मॅकला तुम्ही टाकलेला आकडा पिन आहे हे कळणार कसं? त्याला नुसतं एवढंच उत्तर मिळतं, जुळलं किंवा नाही जुळलं.

रात्रपाळी
मग शेअरिंग चालू करताना विंडोजवरच सांगता येतं की! तिथे तर त्याला माहीत असतं.

कुलूपकिल्ली
हां, तिथे सांगायला हवं. हे पटलं. तोवर शेअरिंगपुरतं एक वेगळं लोकल खातं काढा, त्याला खराखुरा पासवर्ड द्या, फोल्डरवर त्यालाच परवानगी द्या आणि मॅकवर नाव टाकताना आधी विंडोज मशीनचं नाव, मग खात्याचं. पासवर्ड नसलेल्या ईमेल खात्यांनाही हाच उपाय.

सफरचंदी
उलट बाजूही लिहा. फोल्डर मॅकवर असेल आणि विंडोजवरून यायचं असेल, तर फाइल शेअरिंगच्या पर्यायांत त्या खात्यासमोर वेगळी खूण करावी लागते. ती नसेल तर पासवर्ड कितीही बरोबर असू द्या. मी दोन दिवस राउटरला दोष देत होतो.

एकच_माउंट
एनएफएस (फोल्डर शेअर करायची दुसरी पद्धत) वापरा, पासवर्ड विचारतच नाही.

खटपट्या
विचारत नाही, कारण साध्या मांडणीत समोरचा सांगेल तो युजर आयडी (युजरचा आकडा) एनएफएस खरा मानतो. दोन मशीनवर आयडी वेगळे असले की फायली भलत्याच्याच नावावर दिसतात. लॉगिनची कटकट गेली, मालकीची आली.

आणि गेस्टबद्दल राहिलं. विंडोज ११च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीतही साइनिंग (प्रत्येक संदेशावर सही करून तो बदलला नसल्याची खात्री) मुळातच सक्तीचं आहे, गेस्टला साइनिंग करता येत नाही. म्हणजे ती 'दोन मिनिटांची' युक्ती अशा नव्या मशीनवर सेटिंग बदलल्याशिवाय चालणारच नाही.

जुनी_तार
कॉपियरबद्दल मी मागे हटत नाही. वेगळं मशीन ठेवायला जागा आणि परवानगी दोन्ही मागावी लागेल, मागतो.
पण एक सांगायलाच हवं. इथे भांडून झाल्यावर एक लॅपटॉप परत तपासला. तो नॅसला (नेटवर्कवरच्या फायली साठवायच्या डब्याला) लागत नाही म्हणून मी त्यावरही एसएमबी१ चालू केलं होतं, तरी अधूनमधून अडायचाच. आज नीट वाचलं, एरर १२१९. आधीच्या माणसाच्या नावानं एक ड्राइव्ह जोडलेला होता आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवतं तिथे, त्याचा जुना पासवर्ड. दोन्ही काढले, परत लॉगिन केलं, लागला. एसएमबी१ त्यावरून काढलंय. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

खटपट्या
काढलंत हे चांगलं केलंत. तो जुना पासवर्ड नॅसवर वारंवार आदळत असेल, तर नॅसनं त्या लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) अडवलाय का तेही आजच बघा. आपोआप अडवायची सोय चालू असेल तर बरोबर पासवर्डही आत जाणार नाही.

जुनी_तार
बघितलं. यादीत होता.