मदत हवी आहे: गरोदरपणात इन्सुलिनसोबत प्रोबायोटिक?

बायकोला ३० वा आठवडा चालूये, जेस्टेशनल डायबेटिस (गरोदरपणात होणारा मधुमेह) आहे. जेवणानंतर दोन तासांची शुगर १२० च्या आत येते पण उपाशीपोटीची काही केल्या ९५ च्या खाली येईना, म्हणून रात्रीचं इन्सुलिन सुरू केलंय. भात बंद, ज्वारीची भाकरी, जेवल्यावर शतपावली, झोपताना मूठभर शेंगदाणे, सगळं करून झालं. आता मेडिकलवाला म्हणतो लॅक्टोबॅसिलसच्या (दह्यात असतात तसल्या चांगल्या जिवाणूंच्या, म्हणजे प्रोबायोटिक) कॅप्सूल घ्या, शुगर उतरते (त्याचं काय जातंय म्हणा). डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करणार नाही, इन्सुलिन बंद करायचा तर प्रश्नच नाही. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू नाहीये, थायरॉइड नॉर्मल. इन्सुलिन चालू असताना कोणी प्रोबायोटिक घेतलंय का, उपाशीपोटीच्या आकड्यात खरंच फरक पडला का, की घरच्या दह्यावरच भागतं?