कॉर्कला पायी फिरताना पायाखालची नदी

गाईड नसेल तर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नुसत्या जुन्या भिंती बघून परतावं लागतं, असं कुणी म्हणतं ते मला पटत नाही. शहरात पायी फिरण्याचे मार्ग आखलेले आहेत, ठिकठिकाणी पाट्या आहेत. आपल्या चालीनं चालता येतं, हवं तिथे थांबता येतं. मात्र एक गोष्ट आधी माहीत हवी. कॉर्क या नावाचा मूळ आयरिश अर्थच दलदल. ली नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटांवर हे गाव वसलं आणि आजचे मुख्य रस्ते म्हणजे अठराव्या शतकात बुजवलेले नदीचे प्रवाह. सेंट पॅट्रिक स्ट्रीट असा वळत का जातो, याचं उत्तर तेच.

साउथ मॉल या रस्त्यावर गेलात की घरांचे दरवाजे नीट बघा. दगडी पायऱ्या चढून मुख्य दार वर, आणि पायऱ्यांच्या बाजूला रस्त्यालगत दुसरं बुटकं दार. तिथे पूर्वी पाणी होतं, होड्या थेट त्या खालच्या दाराशी लागायच्या. पुढे ग्रँड परेड या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक जुनी तोफ तोंड खाली करून जमिनीत पुरलेली दिसेल, तिला जहाजं बांधत. मी तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते, समोरून बस जात होत्या.

शहरातल्या शँडन या भागासाठी वेगळी सकाळ ठेवा. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात 1750 च्या सुमारास ओतलेल्या आठ घंटा आहेत आणि त्या आपल्याला स्वतः वाजवता येतात.