मदत हवी आहे: संधिवातासाठी आहार आणि नैसर्गिक उपाय (जरा तातडीचं)

रानजाई
नमस्कार मंडळी. ताईला संधिवात आहे. काय खायचं आणि काय टाळायचं याची नीट यादी कोणी देईल का? नेटवर वाचून वाचून डोकं फिरलंय. एक म्हणतो टोमॅटो बंद, दुसरा म्हणतो टोमॅटो उत्तम. दूध सोडा, दूध घ्याच. डाळी बंद, डाळीच खा. हळद किती आणि कशातून, हे तर कोणीच धड सांगत नाही. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया लिहू नका. विचारून झालंय, ते 'सगळं खा' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. अनुभव असलेल्यांनीच लिहा. सोमवारपासून सुरू करायचंय, त्यामुळे लवकर उत्तर मिळालं तर बरं.

कडूकारले
कोणता संधिवात?

रानजाई
कोणता म्हणजे? सांधे दुखतात, सुजतात. संधिवात.

पिंपळपान
वजन उतरवा, बाकी सगळं झूट. माझे दोन्ही गुडघे गेले होते, आता जिने चढतो. गुडघ्याच्या रुग्णांवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. दिवसभरातली पावलं मोजा आणि गुणाकार करा. सोबत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा. गोड आणि तळलेलं बंद. यादी संपली.

रानजाई
@पिंपळपान, ताई काडीसारखी आहे. आणि गुडघ्यांचं मी कुठे म्हटलं?

पिंपळपान
मग आधी सांगायचं ना.

मिरपूड
हळद! पण नुसती नाही, काळ्या मिरीबरोबर. नुसत्या हळदीतलं कर्क्युमिन शरीर जवळपास घेतच नाही. १९९८ च्या एका प्रयोगात मिरीतल्या पायपरीनबरोबर दिल्यावर शोषण वीसपट झालं होतं. मी रोज सकाळी एक चमचा हळद, चिमूटभर मिरी आणि थोडं तूप घेते. बोटं लोण्यासारखी हलतात. ताईंना आजपासूनच सुरू करा, सोमवार कशाला?

आडवळण
वीसपट ऐकायला छान वाटतं. पण हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के. तुमच्या चमचाभर हळदीत ते शंभरेक मिलिग्रॅम भरेल. गुडघ्यांच्या ज्या चाचण्यांत फरक दिसला, त्यांत रोज हजार-दीड हजार मिलिग्रॅमचा अर्क कॅप्सूलमधून दिला होता. जेवणातली हळद जेवणासाठी ठीक आहे, तिला औषध म्हणू नका. आणि शोषण वाढवलेल्या याच कॅप्सूलांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

मिरपूड
माझी बोटं हलतात की नाही, हे तुम्ही तिकडे बसून ठरवणार?

आडवळण
हलतात हो. हळदीमुळे हलतात का, एवढंच विचारतोय.

कोरा कागद
डाळी, पालक, मशरूम पूर्ण बंद करा. माझं युरिक ॲसिड ९ च्या वर गेलं होतं, अंगठ्याला साधी चादर लागली तरी किंचाळायचो. मी सहा महिने डाळीला हात लावला नाही.

कडूकारले
@कोरा कागद, तो गाउट, युरिक ॲसिड सांध्यात साचून होणारा. इथे कोणी गाउट म्हटलेलं नाही. आणि गाउटमध्येही डाळींवर उगाच आळ येतो. २००४ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढलेला दिसला. डाळी, पालक, मशरूम खाणाऱ्यांत नाही. कमी स्निग्धांशाच्या दुधाने तर तो कमी दिसला. खरे गुन्हेगार म्हणजे बिअर, प्राण्यांची कलेजी-गुर्दे आणि साखरेची सरबतं. युरिक ॲसिड सहाच्या खाली ठेवायचं तर बहुतेकांना शेवटी गोळी लागतेच.

रानजाई, तुमच्या याद्या भांडतात त्या याचमुळे. कोणी गाउटची यादी देतंय, कोणी झिजलेल्या गुडघ्यांची, कोणी आमवाताची, आणि वर मथळा एकच. आता मी विचारतो तेवढंच सांगा. वय? नेमके कोणते सांधे? दोन्ही बाजूंचे का? सकाळी आखडलेपण किती वेळ राहतं? रक्त तपासलंय का? औषध कोणतं चालू आहे?

रानजाई
वय ४६. मनगटं आणि बोटं. बोटांची मुळं आणि मधली पेरं, नखाजवळची नाहीत. दोन्ही हात, शिवाय पायांचे चवडे. सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही, कप धरता येत नाही. रिपोर्टमध्ये 'अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह' असं काहीतरी होतं, सीआरपीपण वाढलेलं होतं. आता यादी द्या.

कडूकारले
हे आधी लिहिलं असतं तर पिंपळपानांचे गुडघे आणि कोरा कागद यांचा अंगठा वाचला असता. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस दिसतो, आमवात. अँटी-सीसीपी ही त्याचीच खूण, सीआरपी ही अंगातल्या दाहाची. झिजेचं आखडलेपण अर्ध्या तासाच्या आत सुटतं, याचं लांबतं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उठते. आहाराने ती थोडी शांत होते, थांबत नाही. औषधाचं उत्तर राहिलं.

निळी शाई
मी औषधांच्या काउंटरवर काम करते, आणि माझ्या आत्याला हाच आजार आहे, म्हणून लिहिते.

आहारात खरं वजन एकाच गोष्टीला आहे: भूमध्य सागराकडची म्हणतात तशी जेवणाची घडी. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे, ऑलिव्हसारखं तेल. लाल मांस, गोड आणि पाकीटबंद खाणं कमी. अमेरिकेतल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारसही एवढीच आहे, आणि तीसुद्धा सौम्य शब्दांत. इतर ठरावीक डाएट आणि पूरक गोळ्या यांच्या बाजूने त्यांनी कौल दिलेला नाही. जोरदार शिफारस फक्त व्यायामाची आहे.

माशाच्या तेलाचे प्रयोग बऱ्यापैकी आहेत. ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली ओमेगा-३ स्निग्धाम्लं) मिळून रोज तीनेक ग्रॅम दिल्यावर दुखणं आणि सकाळचं आखडणं थोडं कमी झालं, पण दोन-तीन महिने घेतल्यावर. कॅप्सूलवर मोठ्या अक्षरात १००० लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन, ईपीए-डीएचएचं नव्हे. मागची बारीक अक्षरं वाचा. मासे खात नसाल तर जवस चांगलंच, पण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए-डीएचए फारच थोडं बनतं. शैवालाचं तेल हा शाकाहारी पर्याय.

टोमॅटो, वांगी, बटाटे सोडल्याने सगळ्यांना फरक पडतो असा पुरावा नाही. ताईंना शंका असेल तर एक पदार्थ दोन-तीन आठवडे सोडा, मग पुन्हा खाऊन पाहा. दहा पदार्थ एकदम सोडले तर नेमकं काय नडलं ते कळतच नाही, आणि आधीच बारीक असलेलं माणूस अजून खंगतं. दूध पचत असेल तर सोडू नका, या आजारात हाडं ठिसूळ होतात. सिगारेट असेल तर ती आधी सोडा. ती आजारही वाढवते आणि औषधाचा गुणही कमी करते.

हात आखडतात तेव्हा कोमट पाण्यात किंवा मेणाच्या शेकात बुडवले की बरं वाटतं. सांधा लाल आणि गरम असेल तेव्हा मात्र गार शेक.

आता कडूकारले यांचाच प्रश्न पुन्हा विचारते: औषध कोणतं?

वाटसरू
मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे.

रानजाई
@निळी शाई, खूप आभार, अशीच माहिती हवी होती. औषध सध्या काही नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी होती, मेथोट्रेक्सेट. केस गळायला लागले म्हणून ताईने उन्हाळ्यातच सोडली. आता नैसर्गिकच करायचं ठरवलंय. तिच्या ओळखीच्या एकांकडून जडीबुटीच्या पुड्या मिळतात. त्यांनी काही दिवसांत इतका फरक पडला की मूठ वळायला लागली. भूकपण सुधारली, चेहरा छान भरला. फक्त पुढच्या पुड्या सोमवारनंतर येणार आहेत, म्हणून तोवर आहाराने निभवायचं. म्हणून घाई.

मिरपूड
बघा, म्हणजे नैसर्गिक उपायांनी गुण येतोच! कोणती जडीबुटी आहे? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

आडवळण
मिरपूडताई, जरा थांबा.

निळी शाई
रानजाई, हे आत्ता वाचत असाल तर लगेच सांगा. पुड्या किती महिने घेतल्या, संपून किती दिवस झाले? त्यावर नाव, घटक, उत्पादक असं काही छापलेलं आहे का? आणि ताई आत्ता कशा आहेत? उलटी, चक्कर, ग्लानी, पोटदुखी?

रानजाई
पाच-सहा महिने घेत होती. संपून चारेक दिवस झाले. पांढऱ्या कागदाच्या पुड्या, वर काही छापलेलं नाही. कालपासून खूप थकली आहे, उठलं की गरगरतं. आज दोनदा उलटी झाली. पित्त असेल, काल नीट जेवली नव्हती. का?

निळी शाई
पित्त धरून बसू नका. आत्ता, या क्षणी, जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. उद्या सकाळी नको.

झटपट गुण, वाढलेली भूक आणि 'भरलेला' चेहरा एकत्र दिसले की पुडीत स्टेरॉइड असल्याची दाट शंका येते. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवायचं थांबवतात. पुडी एकदम बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही. रक्तदाब आणि साखर घसरते, उलट्या होतात, माणूस बेशुद्धही पडू शकतं. वेळेत उपचार झाले तर सावरतं.

तिथे गेल्याबरोबर हेच शब्द सांगा: 'बऱ्याच महिन्यांपासून स्टेरॉइड असलेलं औषध घेतलं असावं, ते अचानक बंद झालंय.' रिकामे कागद, उरलेली चिमूट, जुने रिपोर्ट सोबत घ्या. मेथोट्रेक्सेट कधी सोडलं तेही सांगा. माझी शंका चुकीची ठरली तर एक फेरी वाया जाईल, बाकी काही नाही.

कडूकारले
अनुमोदन. यादी राहू दे, निघा.

रानजाई
निघतोय.

गवती चहा
आला की लगेच आयुर्वेद बदनाम! माझ्या सासऱ्यांना शल्लकी आणि गुग्गुळाने गुडघ्यात आराम आहे, आणि त्यांनी वैद्यांना नाडी दाखवून घेतलं आहे. सगळ्यांना एका तागडीत तोलू नका.

आडवळण
आयुर्वेदाचं नाव इथे तुम्हीच पहिल्यांदा घेतलंत. वैद्य औषधाचं नाव सांगतात, बाटलीवर घटक असतात. निनावी पुडीवर कोणत्याच शास्त्राचा हक्क नाही. हा प्रकार एकाच देशातला, एकाच पॅथीचा आहे असंही नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०२२ मध्ये सांधेदुखीच्या एका 'नैसर्गिक' पूरक गोळीबद्दल इशारा दिला होता. तपासणीत तिच्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक निघालं होतं. डब्यावर दोन्हींचा पत्ता नव्हता.

गवती चहा
पण मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध आहे, हे का सांगत नाही कोणी? केस जाणारच.

निळी शाई
कॅन्सरमध्ये देतात तो डोस कितीतरी पटींनी मोठा असतो. इथे आठवड्यातून एकदाच आणि अगदी कमी. ती चुकून रोज घेतली तर मात्र जिवावर बेतू शकतं, म्हणून आम्ही पाकिटावर वार लिहून देतो. केस विरळ होणं, तोंड येणं यावर फॉलिक ॲसिड देतात, डोस कमी करतात किंवा औषधच बदलतात. यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी, दारू नको, गरोदरपणात अजिबात नाही. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, आणि नेमक्या तेवढ्यात लोक कंटाळून पुडीकडे वळतात.

मिरपूड
मी पत्ता मागितला होता तो प्रतिसाद काढून टाकायचा आहे. संपादक, जमेल का? हळदीबद्दलचा मात्र राहू द्या.

पिंपळपान
अवांतर: ग्लुकोसामाइनबद्दल कोणाचा अनुभव? मला मुलाने डबा पाठवलाय.

कडूकारले
गुडघ्यांवरच्या २००६ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत एकूण रुग्णांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. डबा आलाच आहे तर मुलाला बरं वाटावं म्हणून कपाटात ठेवा.

रानजाई
ताईला दाखल केलंय. रक्तदाब आणि साखर दोन्ही खूप खाली होतं. निळी शाई, तुम्ही लिहिलं होतं तेच वाक्य मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. डॉक्टरांनी लगेच सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला पाठवलं, पुड्यांचे कागद ठेवून घेतले. आता ती बोलतेय, चहा मागतेय. स्टेरॉइड हळूहळू उतरवणार म्हणाले आणि सांधेरोगतज्ज्ञ उद्या बघणार आहेत. केसांवरून ती त्यांच्याशी भांडणार आहे असं आत्ताच जाहीर केलंय. निळी शाई, व्यनि करते.

निळी शाई
खुशाल भांडू द्या. भांडली तरच ते पर्याय सांगतील. आणि पुढच्या पुड्या सोमवारनंतर आल्या की त्याही डॉक्टरांच्या हातात द्या, पोटात नको.

कोरा कागद
ताईंना लवकर आराम पडो. धागा वर आलाच आहे तर विचारतो, अंगठ्याचं ठीक आहे, पण आता टाच दुखते. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की कळ येते. यात डाळ खाल्लेली चालते का?

कडूकारले
नवा धागा काढा. आणि वय, वजन, चपला कोणत्या, हे सगळं पहिल्याच ओळीत लिहा.