मदत हवी आहे : खाणीतली रात्रपाळी आणि मुलांची दहावी, एमबीएचा प्रबंध कसा बसवू?

इरईकाठ

नमस्कार मंडळी,

चंद्रपूरला एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय एचआर. प्रबंधाचं मंजूर झालेलं शीर्षक असं : 'कोळसा खाण क्षेत्रातील कामगारांची कार्यक्षमता व त्यांच्या पाल्यांची शैक्षणिक कामगिरी : एक अभ्यास'. ऐकायला भारदस्त आहे, पण फॉर्म घेऊन बाहेर पडलं की लक्षात येतं, यात दोन प्रबंध कोंबलेले आहेत आणि दोघांना बांधणारी दोरी कुठेच नाही. मार्गदर्शक म्हणतात, शीर्षकात थोडा बदल चालेल, विषय बदलता येणार नाही.

बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाची उपकंपनी, मुख्यालय नागपूरला. आमच्या वर्धा खोऱ्यात तिचे चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, वणी असे एरिया आहेत. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, मुंगोली, निलजई ही नावं ऐकली असतील, या सगळ्या उघड्या खाणी. पाळ्या तीन आणि त्या फिरत्या. शिवाय एकाच खाणीत दोन प्रकारचे कामगार : कायम, म्हणजे राष्ट्रीय कोळसा वेतन करारातला पगार, क्वार्टर आणि दवाखाना असलेले, आणि ठेकेदारी, म्हणजे ओबी काढणाऱ्या किंवा वाहतुकीच्या ठेकेदाराकडचे. ओबी म्हणजे कोळशावरची माती आणि दगड.

हा विषय मी निवडला तो घरामुळे. बाबा वेकोलित आहेत. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात दोन खोल्यांच्या क्वार्टरात दिवसभर कुजबुजत बोलायचं. कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. दहावीला मी शेजारच्या काकूंकडे बसून अभ्यास केला. त्यामुळे वडिलांची पाळी आणि मुलांचा अभ्यास यांचा काहीतरी संबंध असणार हे मला आतून वाटतं, पण 'आतून वाटतं' हे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, चालत नाही.

अडचणी सांगते. पहिली, कार्यक्षमता मोजू कशी? सगळे ओएमएस हा खाणीतल्या उत्पादनाचा आकडा घे म्हणतात. दुसरी, एका खाणीत परवानगी काढून फॉर्म वाटले. ते सुपरवायझरच्या हातून वाटले गेले आणि त्याच्याच हातून परत आले. जवळजवळ सगळ्यांनी सगळीकडे 'पूर्ण सहमत'वर खूण केली आहे, 'मला कामावर खूप ताण येतो' आणि 'मला कामावर अजिबात ताण येत नाही' या दोन्हींवर! तिसरी, मुलांचे गुण. कॉलनीतली काही मुलं सीबीएसईला, बाकीची राज्य मंडळाला. चौथी, हे सगळं जमलं तरी वडिलांचा आकडा आणि मुलाचा आकडा घेऊन सहसंबंध काढला की झालं का?

एकूण कामगार साधारण ६०० धरून सूत्राने २४० नमुना काढला आहे. सल्ला द्या, शिव्या दिल्या तरी चालतील.

---

जुना_ओव्हरमन

पोरी, ओएमएस मागून राहिली तर आधी ते काय असते ते पाहून घे. आउटपुट पर मॅनशिफ्ट, म्हणजे एका माणसामागं एका पाळीत किती टन. हे कागदावर. खरं तर तो आकडा माणसाचा नाहीच. डंपर केवढा, शॉवेल चालू का ब्रेकडाउन, थर किती जाड, टनामागं ओबी किती काढावी लागते, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी किती भरलं, यावर तो ठरते. अंडरग्राउंडचा माणूस जीव काढून काम करते, तरी त्याचा आकडा उघड्या खाणीच्या जवळपास येत नाही. म्हणून काय तो कामचोर झाला?

त्यात ओबी ठेकेदार काढून राहिला आणि माणसं मोजताना फक्त कायमची मोजली, तर ओएमएस असा फुगते की बाप्पा, साहेबाचा फोटोच छापून येते.

माणसाचं काम पाहायचं असन तर हजेरी पाह्य. पण तिथंही मेख आहे. रविवारच्या ड्यूटीला जादा दर असते, म्हणून काही गडी आठवड्यात एक दांडी मारते आणि रविवारी हमखास हजर. नुसते दिवस मोजले तर दोघं सारखेच दिसन. न सांगता मारलेली दांडी वेगळी मोज.

आणि सुपरवायझरच्या हातून आलेले फॉर्म चुलीत घाल.

---

ऑनलाइन_गुरू

एवढा विचार कशाला? एआयला सांगा, दहा मिनिटांत प्रबंध तयार. माझ्या भावाने तसाच केला, पास झाला.

इरईकाठ

भावाचं अभिनंदन. पुढचा प्रतिसाद प्लीज.

---

मध्यमान

पदव्युत्तर वर्गाला संख्याशास्त्र शिकवतो, त्या अनुभवावर लिहितो.

६०० ला २४० हे नमुना किती घ्यायचा ते सांगणाऱ्या यामानेच्या सूत्राने बरोबर आहे. क्रेजसी-मॉर्गनच्या तक्त्याने २३४ येतात, फरक नगण्य. पण दोन्ही आकडे साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्याचे आहेत. तुझी मुलं शाळाशाळांतून येणार आणि एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, शिक्षक तेच, वाचनालय तेच, कॉपी होत असेल तर तीही तीच. समजा प्रत्येक शाळेतून २५ मुलं घेतली आणि त्यांच्यातलं साम्य ० ते १ च्या मापावर ०.१ इतकंच आहे. तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे नमुना किती पटीने कमी पडतो तो आकडा, १ + २४ × ०.१, म्हणजे ३.४ येतो. तुझी २४० मुलं प्रत्यक्षात ७० मुलांएवढीच माहिती देतात. व्हायवाला हे कोणी विचारलं नाही तर नशीब समज, पण तुला माहीत असलेलं बरं.

कामगिरीसाठी कूपमान्स आणि सहकाऱ्यांची 'इंडिव्हिज्युअल वर्क परफॉर्मन्स' प्रश्नावली आहे. १८ प्रश्न, तीन भाग : नेमून दिलेलं काम, त्यापलीकडची मदत, आणि कामाला मारक वागणूक. सुरक्षेचे दोन-तीन प्रश्न तू जोड. मराठी आणि हिंदी, दोन्हीत लागेल. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मग ताडून पाहायचं. ताणाचे ते दोन उलटे प्रश्न मात्र काढू नकोस. त्यांच्यामुळेच तर चोरी पकडली गेली.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, झालं नाही. बापाची कामगिरी चांगली म्हणून मुलगा हुशार, असा दुवा मधल्या गोष्टींशिवाय उभा राहत नाही. पगार, आईचं शिक्षण, घरातल्या खोल्या, शिकवणी हे सगळं दोन्हीकडे ओढतं. तुझ्याच पोस्टमध्ये खरा दुवा आहे आणि तो कार्यक्षमता नाहीच. पाळी, झोप, घरातली जागा, अभ्यासाचे तास, या वाटेने जा.

---

खडूफळा

मी याच पट्ट्यात राज्य मंडळाच्या शाळेवर शिकवतो. शाळेचं नाव लिहीत नाही.

बोर्डाचे गुण घेऊ नकोस, ताई. दोन मंडळांची तुलना होत नाही हे एक, आणि आमच्या मंडळात बहुतेक विषयांना २० गुण शाळेच्या हातात असतात. ते कसे दिले जातात ते इथे लिहायला नको. त्यापेक्षा एकाच शाळेतल्या एकाच इयत्तेची सहामाही घे, पेपर तोच, तपासणारा तोच. सोबत महिन्यावार हजेरी घे. मला विचारशील तर गुणांपेक्षा हजेरी जास्त बोलते.

आता दुसरं, जे प्रबंधात सहसा येत नाही. ठेकेदारीतल्या घरांचा प्रश्न रात्रपाळीचा नसतो. ठेका संपला, नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला, की बाप दुसऱ्या खाणीवर जातो आणि वर्षाच्या मध्येच दाखला काढायला येतो. मुलगा हुशार असतो, पण त्याचं एक सत्र कुठल्याच शाळेत नसतं. कायम कामगाराचा मुलगा क्वार्टरमध्ये कुजबुजत का होईना, पण त्याच बाकावर पाच वर्षं बसतो. तू या दोघांना एकत्र करून पाळीची सरासरी काढलीस तर दोघांचंही खरं चित्र पुसलं जाईल.

आणि तिसरा गट विसरू नकोस, प्रकल्पग्रस्त. कोल इंडियाच्या २०१२च्या धोरणात खाणीत गेलेल्या दोन एकराला एक नोकरी असं सूत्र आहे. त्यातून लागलेले कायम आहेत, पण राहतात गावातच, अभ्यासाचं वातावरण कॉलनीचं नाही. पगार मात्र कॉलनीचा. हा गट तुझ्यासाठी सोनं आहे, कारण पगार आणि वस्ती यांचा परिणाम इथेच सुटा करता येतो.

मुलं १८च्या आतली, म्हणून पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागेल. फॉर्मवर नाव नको, क्रमांक घाल.

---

डिचोलीकर

गोव्यातून लिहितोय. आमचा माल लोहखनिज, पण दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून दोन ओळी.

२०१२ला आमच्याकडे खाणी थांबल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, मग २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि परत सगळं ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, सगळीकडे ट्रकवाल्यांच्या दारात ट्रक उभे आणि डोक्यावर बँकेचे हप्ते. शेजारच्या घरात थोरल्याचं इंजिनिअरिंग चाललं होतं ते कसंबसं पूर्ण केलं, धाकट्याची शिकवणी तेवढी सुटली. तेव्हा प्रश्नावलीत 'मासिक उत्पन्न किती' एवढंच विचारू नका. 'गेल्या वर्षात पगार किती महिने वेळेवर आला' हेही विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक खोटं सांगतात, दुसऱ्याला सहसा नाही.

---

इरईकाठ

सगळ्यांचे खूप आभार. ओव्हरमन काका, फॉर्म चुलीत घातले नाहीत, पण विश्लेषणातून काढले आहेत. 'प्रश्नावली कशी वाटली जाते यावर उत्तरं कशी बदलतात' म्हणून एक परिच्छेद तेवढा लिहिणार आहे.

मार्गदर्शकांशी बोलले. नवं शीर्षक : 'कोळसा खाण कामगारांच्या पाळीचे व नोकरीचे स्वरूप आणि पाल्यांची शालेय हजेरी व अभ्यासाच्या सवयी'. कामगिरीची प्रश्नावली ठेवली आहे, नाहीतर एचआरचा प्रबंध शिक्षणशास्त्राकडे ढकलतील. गट तीन : कायम-कॉलनी, कायम-गाव (प्रकल्पग्रस्त) आणि ठेकेदारी.

आता एकच अडकलंय. कायम कामगारांची यादी परवानगी काढून मिळेल. ठेकेदारी कामगारांची यादी कोणीच देत नाही. ठेकेदार म्हणतो ऑफिसला विचारा, ऑफिस म्हणतं ठेकेदाराला विचारा. गेटवर उभं राहून भेटतील त्यांना फॉर्म देऊ का?

---

जुना_ओव्हरमन

गेटवर नको. पाळी सुटली की माणसाले घर दिसते, तू नाही. आणि तिथं कोण कोणाशी बोलून राहिला हे पाहणारे डोळे लय असते. ठेकेदारी पोरगा तोंड उघडणार नाही, उद्याची हजेरी त्याले प्यारी आहे.

मध्यमान

उलट्या बाजूने जा. खाणीतून मुलाकडे येण्याऐवजी शाळेतून बापाकडे जा. तीन-चार शाळा निवड, जिथे तिन्ही गटांची मुलं एकाच वर्गात बसतात, आणि तुलना वर्गातल्या वर्गात कर. शाळेचा फरक बऱ्यापैकी आपोआप गळून जाईल आणि ठेकेदारांच्या यादीची गरजच उरणार नाही. मर्यादा एवढीच की शाळा सोडलेली मुलं यात सापडणार नाहीत. ते मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिही. बहुधा ठेकेदारी गटाचं चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसेल.

खडूफळा

शाळेतून येत असशील तर एक सांगून ठेवतो. आमच्या रजिस्टरला वडिलांच्या व्यवसायात ठेकेदारीवाले 'मजूर', 'खासगी' किंवा 'ड्रायव्हर' असे काहीही असतात, कायमवालेही कधी नुसतं 'नोकरी' लिहितात. त्यावरून गट पाडू नकोस. फॉर्ममध्ये तीन साधे प्रश्न घाल : पगार कोणाकडून येतो, क्वार्टर आहे का, आणि जमीन खाणीत गेली का.

आईसाठी वेगळं पान ठेव. पाळीत बाप कधी झोपतो आणि मूल कधी अभ्यासाला बसतं हे तिलाच नीट माहीत असतं.

मुख्याध्यापकांच्या नावाने कॉलेजचं पत्र आण, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. सहामाहीनंतरच्या पालकसभेत दहा मिनिटं मागून देतो. सभा दोन ठेवायला सांगतो, एक सकाळी, एक संध्याकाळी, नाहीतर तुझ्या नमुन्यात फक्त पहिल्या पाळीचे बाप येतील.