मदत हवी आहे: मराठी विकिपीडिया वाचायला सुखाचा करणारं ब्राउझर एक्स्टेन्शन

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियावरचे लांबलचक लेख डोळे न शिणता वाचता यावेत म्हणून एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी) लिहितोय. खातं असलेल्यांना तिथे स्वतःचं सीएसएस पान (पान कसं दिसावं याचे नियम) ठेवता येतं, पण जो नुसता वाचायला येतो त्याला ती वाट नाही, आणि मला करायचंय ते त्याच्यासाठीच. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींवर चालायला हवं. मॅनिफेस्टची, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती आणि परवानग्या सांगणाऱ्या फाइलीची, तिसरी आवृत्ती वापरतोय.

रंगरंगोटीत मला फारसा रस नाही, सगळा जीव अक्षरांत आहे. मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट घेतलाय. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणाची अक्षरं मुळातच आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये ही मराठी वळणं दडलेली असतात आणि पानाची भाषा मराठी अशी नोंद असेल तरच ती बाहेर येतात. विकिपीडियाच्या मजकुरावर ती नोंद असते, म्हणून माझे सगळे नियम त्या नोंदीलाच बांधलेत. लेखात हिंदीचा उतारा आला आणि त्यावर तशी खूण असली, तर तो सुटा राहतो.

ओळींमधलं अंतर १.८ केलंय. वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, त्यात जोडाक्षरं. रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या ओळीत आपली अक्षरं एकमेकांवर चढतात. अक्षरांमधलं अंतर मात्र सक्तीने शून्य ठेवलंय, कारण ते जरा वाढवलं की शिरोरेषा तुटते. दुव्यांखालची रेघ उकारांना कापत होती, ती थोडी खाली सरकवली. तिरका टाइप बंद केलाय. ब्राउझर सरळ देवनागरी नुसती कलती करतो, ते मला बघवत नाही.

फॉन्ट फक्त देवनागरीला लागावा म्हणून युनिकोडचा पल्ला (कोणत्या अक्षरांना तो लागेल त्यांच्या क्रमांकांची मर्यादा) दिलाय. त्यात शून्य रुंदीचा जोडक आणि विलगक ही अक्षरं जोडणारी-तोडणारी दोन अदृश्य चिन्हंही घातलीत. जुन्या मजकुरात 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र पुष्कळदा त्या जोडकानेच लिहिलेला असतो.

आता अडलंय ते असं.

पहिलं म्हणजे, एक्स्टेन्शनसोबत दिलेला फॉन्ट फायरफॉक्सवर व्यवस्थित दिसतो, क्रोमवर दिसतच नाही. सीएसएसमध्ये फॉन्टचा पत्ता सापेक्ष आहे, म्हणजे पूर्ण न लिहिता दुसऱ्या जागेपासून मोजायचा.

दुसरं, अक्षराचा आकार वाचकाने निवडावा (मध्यम, मोठा, खूप मोठा) अशी सोय केलीय. निवड एक्स्टेन्शनच्या स्टोरेजमधून वाचतो. पण पान आधी जुन्या आकारात उमटतं आणि मग उडी मारतं. लांब लेखात वाचणाऱ्याची ओळच हरवते.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. इन्स्टॉल करताना 'या साइटवरील तुमची माहिती वाचू व बदलू शकते' अशा अर्थाची सूचना येते. २०१८ मध्ये 'स्टायलिश' हे लोकप्रिय एक्स्टेन्शन लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करतं हे उघड झाल्यावर क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींच्या एक्स्टेन्शन-दुकानांतून काढलं गेलं होतं. माणसं बिचकली तर त्यांचं चूक नाही. ही परवानगी आणखी आवळता येईल का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

छान काम हाती घेतलंत.

फॉन्टचं कारण सरळ आहे. सीएसएसमधला सापेक्ष पत्ता फायरफॉक्स त्या सीएसएस फाइलपासून मोजतो, क्रोम मात्र उघडलेल्या पानापासून. म्हणजे क्रोम तुमचा फॉन्ट विकिपीडियाच्या सर्व्हरवर शोधतोय. एक्स्टेन्शनच्या आयडीची जागा धरणारा शब्द वापरून क्रोमसाठी पूर्ण पत्ता लिहा, आणि फॉन्टच्या पत्त्यांच्या त्याच यादीत पुढे फायरफॉक्ससाठी सापेक्ष पत्ता राहू द्या. पहिला लागू पडला नाही की ब्राउझर दुसऱ्याकडे वळतो. शिवाय फॉन्टची फाइल मॅनिफेस्टमध्ये 'वेब ॲक्सेसिबल रिसोर्सेस'खाली (वेबपानांना वापरता येणाऱ्या फाइलींच्या यादीत) जाहीर करायला हवी, तीही फक्त मराठी विकिपीडियाच्या पत्त्यापुरती.

उडी येते कारण स्टोरेजचं उत्तर उशिरा येतं आणि तोवर पान रंगून गेलेलं असतं. तीन आकारांच्या तीन सीएसएस फाइली करा. वाचकाने आकार निवडला त्याच क्षणी ब्राउझरच्या स्क्रिप्टिंग एपीआयमधून (एक्स्टेन्शनसाठीच्या आज्ञांच्या संचातून) त्या फाइलीची कंटेंट स्क्रिप्ट म्हणून, म्हणजे पान उघडताच त्यात आपोआप घातली जाणारी म्हणून, नोंदणी करा. पुढचं पान उघडताना ब्राउझरला काही विचारावंच लागत नाही, सीएसएस आधीच हजर असतं. आधीच उघड्या असलेल्या टॅबमध्ये तेवढं ते सीएसएस वेगळं घालावं लागेल. एक्स्टेन्शन अद्ययावत झाल्यावर नोंदणी शाबूत आहे का तेही तपासत जा.

परवानगीचं म्हणाल तर फक्त मराठी विकिपीडियाचा पत्ता मागा, 'सर्व साइट' कधीही नको. सूचना तरीही येईल, ती टळत नाही. पण कोड खुला ठेवा, आणि आपण बाहेर काहीच पाठवत नाही हे दुकानातल्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पत्ता बदलला आणि क्रोमवर फॉन्ट आला! नोंदणीचं आज रात्री लिहायला घेतो.

एक राहिलंच. 'तिरो'मध्ये ठळक वजन नाही, आणि विकिपीडियाच्या लेखात पहिल्याच वाक्यात विषयाचं नाव ठळक असतं. ब्राउझर ते कृत्रिमरीत्या जाड करतो, तेव्हा जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. ठळक मजकुरासाठी 'मुक्ता' या दुसऱ्या फॉन्टचं जाड वजन लावून पाहिलं. वाचायला स्वच्छ आहे, पण एकाच ओळीत दोन वेगळ्या वळणांची अक्षरं येतात. की ठळक काढून नुसता गडद रंग द्यावा? अक्षररचनेत काम केलेल्या कुणी सल्ला दिला तर फार बरं होईल.