कार्ल्याच्या खांबांवरचे ‘यवन’ नेमके कोण? मदत हवी आहे

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या दानलेखांवर टिपण लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. तिथल्या खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यातले काही जण स्वतःला धेनुकाकट या गावचे ‘यवन’ (मुळात ग्रीकांसाठीचा शब्द) म्हणवतात, पण नावं बघा: सिहधय, धंम. अगदी इथलीच! जुन्नरला दोन पोढ्या (पाण्याची टाकी) दान देणारा यवन मात्र ‘इरिल’, हे नाव प्राकृत वाटत नाही. नाशिकच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात योनक (म्हणजे यवनच) इंद्राग्निदत्त आपण उत्तरेकडचे, दात्तामित्रीचे असल्याचं सांगतो.

विदिशेचा हेलिओदोरस तक्षशिलेहून आलेला राजदूत. इ.स.पू. दुसऱ्या शतकात वासुदेवासाठी गरुडध्वज (गरुडस्तंभ) उभारतो, स्वतःला भागवत म्हणवतो आणि तरी नाव ग्रीकच ठेवतो. म्हणजे श्रद्धा स्वीकारली की नाव बदलावंच लागे असं नव्हतं. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, म्हणूनच अंदाजाने काही लिहायचं नाहीये.

‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या ७व्या आणि १८व्या खंडातली वाचनं पाहून झाली आहेत. ‘यवन म्हणजे पुढे कुठलाही परदेशी’ हे उत्तरही ठाऊक आहे, पण तो अर्थ नंतरच्या साहित्यातून मागे नेलेला नको. प्राकृत वाचता येतं, ग्रीक येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी संदर्भ चालतील.

या लेखांच्याच मजकुरात, म्हणजे विभक्ती, गावाचं नाव किंवा दानाची भाषा यांत, ‘यवन’ हा वंश आहे की नुसतं कुळनाम, हे ठरवणारा काही पुरावा आहे का?