आठवड्याची सुट्टी घेऊन सर्जन घडतो का?

रामबागवाले_काका
पुतण्या एमएस जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना म्हणाला, "काका, रविवारी माझा ऑफ, फोन बंद." एकतीस वर्षं या इंदुरात पोटं उघडून निवृत्त झालेला माणूस मी, घास घशातच राहिला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने पोट उघडलं त्यानेच ते रोज चाचपायचं. आतडं जोडल्यावर गळती व्हायची असेल तर ती साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी डोकं वर काढते. आधी नाडी थोडी वाढते, पोट जरा ताठरतं, पेशंट उगाच चिडचिड करतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही. कालचं पोट हाताला आठवत असेल तरच आजचं वेगळं लागतं. नेमक्या त्या दिवशी तुमचा ऑफ असला तर शिकलात काय? हॉलस्टेडने जॉन्स हॉपकिन्समध्ये ही पद्धत बसवली तेव्हा मुलं इस्पितळातच राहायची, म्हणून तर ती 'रेसिडेंट'.

आणि हे जुन्या खोडाचं रडगाणं नाही. अमेरिकेत 117 सर्जरी प्रशिक्षण कार्यक्रमांवर 'फर्स्ट' नावाची चाचणी झाली, 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. एका ड्यूटीच्या लांबीची बंधनं काढली तरी पेशंटांचं जास्त नुकसान झालं नाही. मग आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत साप्ताहिक सुट्टी आणि त्याच आयोगाच्या 2024 च्या कार्यगटाची आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची शिफारस, हे कुणासाठी?

जेआर_टू
काका, नमस्कार करतो, पण फर्स्ट चाचणी तुम्ही अर्धीच सांगितलीत. मोकळीक फक्त एका ड्यूटीच्या लांबीला आणि दोन ड्यूट्यांमधल्या वेळेला होती. आठवड्याचे सरासरी 80 तास आणि सातात एक दिवस सुट्टी दोन्ही गटांना होतीच. म्हणजे तुमच्या पुतण्याचा रविवार तिथेही शाबूत होता.

आता माझं ऐका. कॉलेजचं नाव घेत नाही. मागच्या इमर्जन्सी डेला खिशातल्या वहीत सगळं लिहून ठेवलं. सकाळी 8 ला आत, दुसऱ्या दिवशी दुपारी 2 ला बाहेर, तीस तास. त्यात कॅज्युअल्टीतले टाके आणि ड्रेसिंग, रक्तपेढीच्या चार फेऱ्या, सीटीला ट्रॉली ढकलणं (वॉर्डबॉय एकच, तो जेवायला गेला की गेला), आयुष्मान योजनेच्या पोर्टलवर फोटो चढवणं. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हात धुवून उभा राहिलो फक्त पावणेदोन तास. त्यातला सव्वा तास पोट उघडं ठेवणारा डीव्हर रिट्रॅक्टर धरून. बोटं बधिर झाली आणि पोटातलं काही दिसलं नाही, दिसलं ते सरांचं कोपर. उरलेले सव्वाअठ्ठावीस तास मी नेमका कोणता सर्जन घडत होतो?

राजवाडा_77
भिया, 74 वर कशाला भांडताय? केंद्राचं 1992 चं पत्रक आहे: सलग 12 तासांहून जास्त ड्यूटी नाही, आठवड्याला 48 तास, एक सुट्टी. ते निघालं तेव्हा जन्मलेली मुलं आता सर्जन झाली. जूडाच्या (ज्युनिअर डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रत्येक संपात तो कागद बाहेर येतो आणि संप मिटला की फायलीत जातो.

युनिट_हेड
सुट्टीला माझी ना नाही. फक्त रोस्टर कुणीतरी मांडून दाखवा.

कागदावर माझ्याकडे नऊ रेसिडेंट, तिन्ही वर्षांचे तीन-तीन. एक जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांच्या रोटेशनवर, एक दुसऱ्या विभागात पोस्टिंगला, एक आजारी. राहिले सहा. प्रत्येकाला आठवड्याला एक सुट्टी म्हणजे रोज जवळपास एक कमी. काल रात्री जागलेल्या दोघांना घरी पाठवा. उरले तीन. समोर ओपीडी, ओटीची दोन टेबलं आणि वॉर्डात साठ पेशंट.

लोक म्हणतात सीट वाढवा. सीट वाढल्या तरी हर्निया तेवढेच येतात, वाटेकरी तेवढे वाढतात. जो मुलगा वर्षात वीस करायचा तो बारा करेल. मला जादा जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) नकोतच. दोन वॉर्डबॉय आणि पोर्टल भरणारा एक क्लार्क द्या, सुट्ट्या मी उद्यापासून लावतो. जेआर_टूची वही खरी आहे, माझ्याकडच्या मुलांची वेगळी निघणार नाही. पण ट्रॉली मी ढकलायला लावत नाही, ती पडून राहिली तर पेशंट मरतो म्हणून मुलंच ढकलतात.

बडोदेकर_सर्जन
तुम्ही सगळे घड्याळाकडे बघताय, लॉगबुककडे, म्हणजे केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदवहीकडे, कुणी बघतच नाही. अमेरिकेत पाच वर्षांत किमान 850 मोठ्या शस्त्रक्रिया नोंदवल्याशिवाय जनरल सर्जरीचं प्रशिक्षण पुरं धरत नाहीत. आपल्याकडे केस कमी भरल्या म्हणून कुणाला परीक्षेला बसू दिलं नाही, असं मी तरी पाहिलं नाही.

कबूलच करतो. परीक्षेच्या आठवड्यात माझं लॉगबुक मी तीन रात्रींत भरलं. तीन वर्षांच्या केसेस, एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताच्या घाईत. पुढे रकाने असतात: नुसतं पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, स्वतः केलं. 'स्वतः केलं' मध्ये मी गॉलब्लॅडर किती लिहिले ते इथे सांगत नाही. गाइडनी चहा पीत चाळीस पानांवर सह्या केल्या, एकदा कप ठेवायला थांबले तेवढेच.

खरा हात मला जिल्ह्यातल्या इस्पितळात मिळाला. तिथले सर्जन हर्नियाला समोर उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. अडलो की फक्त म्हणायचे, "थांब. आता काय दिसतंय ते बोल." मी बोलायचो आणि बोलता बोलता वाट सापडायची. तिथे मी रोज आठ तास झोपत होतो.

रामबागवाले_काका
जेआर_टू, फर्स्टच्या बाबतीत चूक माझी. बातमी वाचली होती, मूळ लेख आज उघडला.

तरी पाचव्या दिवसाचं पोट सोडत नाही. सुट्टी घ्या, पण पेशंट दुसऱ्याच्या हातात देताना पलंगाशी उभं राहून द्या, त्याचा हात धरून पोटावर ठेवा. व्हॉट्सअॅपवर "बेड 14 स्टेबल" हे मी हँडओव्हर मानत नाही.

आणि तास मोजायचे नसतील तर हात मोजा. लॉगबुक ओटी रजिस्टरशी ताडून पाहा, खोटं लगेच उघडं पडेल.

युनिट_हेड
काका, किती वर्षं झाली ओटी रजिस्टर पाहून? सर्जनच्या रकान्यात माझंच नाव असतं, ब्लेड कुणाच्याही हातात असो. कधी मी शेजारच्या टेबलावर असतो, कधी मीटिंगला. ते रजिस्टर कायद्यासाठी लिहिलेलं असतं, शिकवणीसाठी नाही.

जेआर_टू
मग स्क्रब सिस्टरची सही घ्या. कुणी काय मागितलं आणि कुणाच्या हातात दिलं, हे त्यांना नक्की माहीत असतं.

ओटी_सिस्टर_छावणी
आधीच गॉज मोजा, सुया मोजा, सामानाच्या मागणीचे इंडेंट भरा, हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या सीएसएसडीला फोन करा. आता डॉक्टरांची पण मोजणी आमच्याकडेच? बरं, उद्या मी लिहिलं की जेआर-3 ने काही केलं नाही, नुसता उभा होता, तर त्याखाली प्रतिस्वाक्षरी कोण करणार आहे?